शिडी वर ओढून घेणारा चितारी

सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्लॉरेन्स शहरात एका चिताऱ्याचे घर होते, आणि त्या घराची रचना अशी होती की, ज्या खोलीत तो निजे व लहर लागल्यास कामही करी, तिच्याकडे जाण्यास जिना म्हणून नव्हता. एक लाकडी शिडी होती, आणि धनी वर चढून गेला की कप्पीच्या साह्याने ती आपल्यामागे वर ओढून घेई, म्हणजे त्याच्या परवानगीवाचून, निदान त्याला कळल्यावाचून, कोणाही मनुष्यास वर पाऊल टाकता येऊ नये. ही हकीकत चित्रकारांचा समकालीन चरित्रकार व स्वतःही चितारी असलेला जॉर्जो वझारी याने लिहून ठेवली आहे, आणि ते घर विचारपूर्वक बांधलेल्या वास्तूपेक्षा एखाद्या लहरी व एकलकोंड्या मनुष्याच्या बिऱ्हाडासारखेच अधिक दिसे, असा शेराही त्याने जाता जाता मारला आहे. घराच्या धन्याचे नाव याकोपो कारुच्ची. परंतु एम्पोलीजवळच्या पोन्तोर्मे या खेड्यात जन्मलेला म्हणून जगाने त्याला पोन्तोर्मो असेच म्हटले.

इटलीतील प्रबोधनकालीन चित्रकला राफाएलच्या मृत्यूबरोबर शिखरावरून उतरली आणि पुढील साठ-सत्तर वर्षे ती केवळ पूर्वसूरींचे अनुकरण व अंगविक्षेप करीत राहिली, असा एक निवाडा युरोपात दोन-अडीचशे वर्षे निर्वेधपणे चालत आला. त्या कालखंडाला 'मॅनरिझम' म्हणतात. आपल्या कोशकारांनी त्यासाठी 'रीतिलाघववाद' असा भारदस्त शब्द घडविला आहे. शब्द विद्वत्तेचा आहे यात शंका नाही, पण मूळ इटालियन शब्दाची ऊब त्यात उतरलेली नाही. मूळ शब्द 'मानिएरा', आणि त्याच्या पोटी 'मानो' म्हणजे हात आहे. हातावरून मराठीतही एक शब्द निघालेला आहे, तो 'हातोटी', आणि नवल असे की दोन्ही शब्दांची चाल जवळजवळ एकच आहे. वझारीच्या लेखणीत 'मानिएरा' हे प्रशस्तिपत्र होते: निसर्गातील उत्तमोत्तम अवयव पाहून, त्यांचा पुनःपुन्हा अभ्यास करून, पुढे नमुना समोर नसतानाही हाताने सहजगत्या सौंदर्य निर्माण करावे, ही ती सिद्धी. सतराव्या शतकात बेल्लोरी या कलालेखकाने त्याच शब्दाचा आरोप केला, की ही मंडळी निसर्गाकडे पाठ फिरवून नुसत्या हाताच्या सवयीवर चित्रे काढीत बसली. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लान्झी या कलेतिहासकाराने त्या आरोपाला 'वाद' हे शेपूट जोडून कायमचे नाव दिले. हातोटी म्हणजे कौशल्य, आणि नुसती हातोटी म्हणजे जीव नसलेले कौशल्य. 'नुसती' या एका विशेषणाचा काय तो फरक.

पोन्तोर्मोचा जन्म १४९४ सालचा. त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाच्या फौजा इटलीत उतरल्या आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याला परागंदा व्हावे लागले. बाप चितारीच होता, पण पोर लहान असतानाच वारला. मागोमाग आईही गेली, आणि आजीने वाढविलेले हे पोरके मूल चित्रविद्या शिकण्यास शहरात आले. लिओनार्दो, पिएरो दि कोसिमो आणि शेवटी आन्द्रेआ देल सार्तो अशा एकाहून एक थोर उस्तादांच्या हाताखालून तो गेला. त्यांतला हा शेवटचा तर 'ज्याच्या रेषेत चूक सापडत नाही तो' अशा लौकिकाचा. सान्तिस्सिमा आनुन्त्सियाता या देवळाच्या ओवरीवर पोराने श्रद्धा व दया यांच्या दोन आकृती रंगविल्या तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस-वीस होते, आणि त्या पाहून खुद्द मायकेलँजेलोने म्हटले म्हणतात की, हा मुलगा जगला आणि असाच चालत राहिला तर ही कला स्वर्गाला नेऊन भिडवील.

या पिढीची अडचण नेमकी येथे आहे. मागल्या पिढीतल्या लोकांना शरीररचना, यथादर्शन, छायाप्रकाश ही एकेक विद्या झगडून मिळवावी लागली. या पोरांना ती सगळी मिळकत वडिलोपार्जित लाभली. १५१९ साली लिओनार्दो परमुलखात वारला, १५२० साली राफाएल सदतिसाव्या वर्षी गेला, आणि जे करावयाचे ते सर्व करून झालेले आहे अशा भरल्या घरात ही मंडळी पंचविशीत उभी राहिली. अशा वारसदारापुढे दोनच वाटा असतात. एक, वडिलांची गादी चालवावी. दुसरी, वडिलांनी ज्या खोलीला हात लावला नाही ती उघडून पाहावी. पोन्तोर्मोने दुसरी धरली, आणि ती धरण्याचे निमित्त झाले प्लेग.

१५२३ साली फ्लॉरेन्समध्ये साथ शिरली, तेव्हा पोन्तोर्मोने शहराबाहेर गाल्लुत्सो येथील कार्थुसियन साधूंच्या मठात, म्हणजे तिकडच्या बोलीत चेर्तोसात, आपले बिऱ्हाड हलविले. बरोबर ब्राँझिनो हा त्याचा तरुण शिष्य होता, ज्याला तो पुत्रवत मानीत असे. मौनव्रती साधूंची ती जागा या मनुष्याला इतकी मानवली की साथ ओसरल्यावरही तो तेथे रेंगाळत राहिला. मठाच्या अंगणाभोवतीच्या ओवरीत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग त्याने रंगविले, आणि ते रंगविताना जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या छापील चित्रांचा आधार घेतला. ती चित्रे त्या काळी कागदाच्या सुट्या पानांवर शहरोशहरी विकली जात असत. वझारीला ही गोष्ट फार झोंबली. इटलीत जन्मलेल्या, गोड रेषेची देणगी लाभलेल्या माणसाने उत्तरेकडच्या त्या कोरड्या, काटकुळ्या धाटणीच्या नादी लागावे, याचे त्याला मनापासून दुःख झाले. जर्मन व फ्लेमिश लोक जी रीत शिकण्यासाठी इकडे येतात तीच हा सोडून देतो आहे, असा त्याचा त्रागा. मला मात्र वाटते की ड्यूररने पोन्तोर्मोला रेषा दिली नाही, परवानगी दिली: ठरलेले प्रमाण मोडले तरी चित्र मोडत नाही, याचा परक्या मुलखातून आलेला तो पुरावा होता.

मठातून परतल्यावर १५२५ साली लोदोविको काप्पोनी या सराफ घराण्यातील गृहस्थाने त्याला काम दिले. आर्नो नदीच्या पलीकडे, पोन्ते वेक्कियो ओलांडताच, सान्ता फेलिचिता नावाचे देऊळ आहे. आत शिरताच उजव्या हाताला एक लहानसे, अंधारे उपमंदिर लागते, जे मूळ ब्रुनेल्लेस्कीने दुसऱ्या एका घराण्यासाठी बांधले होते आणि काप्पोनीने नुकतेच खरेदी केले होते. पोन्तोर्मोने ते फळ्यांनी बंद करून घेतले आणि तीन वर्षे कोणाला आत येऊ दिले नाही. वझारीच्या म्हणण्याप्रमाणे खुद्द पैसे मोजणाऱ्या धन्यालाही दर्शन झाले नाही. १५२८ च्या सुमारास फळ्या निघाल्या आणि सारे शहर चकित झाले.

आतील वेदीचित्र लाकडी फळीवर रंगविलेले, तीन मीटरांहून थोडे उंच. ख्रिस्ताचे शव वाहून नेले जात आहे, एवढे पाहताक्षणी कळते. त्यापुढे एकेक प्रश्न उभा राहू लागतो. क्रूस कोठे आहे? नाही. शिडी नाही, थडगे नाही, डोंगर नाही, झाड नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक एकटा ढग आणि पायांखाली मातीचा एक लहानसा तुकडा, त्यावर चुरगळून पडलेले वस्त्र. बाकी सारी फळी माणसांनी भरलेली, आणि ही माणसे कशावर उभी आहेत ते शोधू गेल्यास डोळा खालून वर आणि वरून खाली फिरत राहतो. शव वाहणारे दोन तरुण. त्यांतला एक चवड्यांवर उकिडवा बसलेला, खांद्यावर मृत देहाचा भार, आणि तरीही त्याच्या बोटांवर वजन पडल्याचे चिन्ह नाही. त्याच्या अंगावरचा गुलाबी रंग वस्त्राचा म्हणावा की कातडीचा, हे ठरविता येत नाही. तो आपल्याकडे पाहतो. भुवया आक्रसलेल्या, तोंड किंचित उघडे, रस्त्यात ओळखीचा माणूस अनपेक्षितपणे भेटावा आणि काय बोलावे ते सुचू नये, तसा चेहरा. निळ्या वस्त्राच्या मोठ्या घेरात माता मेरी मागे कलंडू लागली आहे. मुलाचे शव तिच्या मांडीवरून आत्ताच उचलले की आता तिच्यापासून नेत आहेत, यावर पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. आणि उजव्या काठाला, सर्वांच्या मागे, एक दाढीवाला चेहरा दिसतो. तो चित्रकाराचा स्वतःचा, असे मानतात.

पण खरा धक्का रंगांचा आहे. फिकट गुलाबी, आकाशी, कच्च्या कैरीसारखा आंबट हिरवा, नारिंगी. शोकाच्या चित्रात असे रंग तोवर कोणी पाहिले नव्हते. वझारीची तक्रार अशी की चित्रात सावलीच नाही, रंग इतका उजळ व एकसारखा की प्रकाश कोठे संपतो आणि मध्यछटा कोठे सुरू होते ते नीट कळत नाही. तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. तिच्यातून काढलेले अनुमान तेवढे मला पटत नाही. ते उपमंदिर अंधारे आहे. तेथे लिओनार्दोच्या पद्धतीने धूसर सावल्या घातल्या असत्या तर चित्र अंधारात अंधार होऊन गेले असते. शेजारच्याच भिंतीवर त्याने देवदूताचा निरोप रंगविला आहे, आणि तो असा की खिडकीच्या एका बाजूस देवदूत, दुसऱ्या बाजूस पायरीवर पाऊल ठेवून मान वळविणारी मेरी, आणि दोघांच्या मधून खरा दिवसाचा उजेड आत येतो. त्या जागेत उजेड किती आहे याचा हिशेब ज्याने असा काटेकोर केला, त्याला सावली घालता येत नव्हती असे कोणी म्हणावे?

येथे एक खुलासा केला पाहिजे. या शैलीची कारणमीमांसा करताना विसाव्या शतकातील लेखक बहुधा रोमच्या लुटीपासून सुरुवात करतात. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजा रोममध्ये घुसल्या. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला. चित्रकारांची दाणादाण उडाली. पार्मिजानीनो हा चोवीस वर्षांचा तरुण आपल्या चित्रापुढे काम करीत असताना सैनिक आत शिरले आणि चित्र पाहून थक्क होऊन त्याला तसेच काम करू दिले, अशी वझारीची सुरस कथा आहे. रोस्सो हा पोन्तोर्मोचा समवयस्क त्या लुटीत हाती सापडला, हालअपेष्टा सोसून निसटला, आणि पुढे फ्रान्सच्या राजाच्या पदरी फोन्तेनब्लो येथे जाऊन राहिला. फ्लॉरेन्सने त्या संधीस मेदिचींना दुसऱ्यांदा हाकलले आणि १५२९ ते १५३० असा दहा महिन्यांचा वेढा सोसून अखेर पुन्हा त्यांच्याच हाती शहर दिले. अशा काळात माणसांच्या माना लांबल्या व डोळे विस्फारले तर नवल काय, असा युक्तिवाद करतात. युक्तिवाद आकर्षक आहे, पण तारखा त्याला साक्ष देत नाहीत. रोस्सोने वोल्तेर्रा येथील आपले क्रूसावरोहण १५२१ मध्ये रंगविले; त्यातल्या शिड्या, तोंड हातांत लपवून वाकलेला योहान आणि करवतीने कापल्यासारख्या वस्त्रांच्या चुण्या लुटीच्या सहा वर्षे आधीच्या आहेत. काप्पोनीच्या चित्राला हात लागला तेव्हाही रोम शाबूत होते. आपत्तीने ही शैली फैलावली हे खरे, कारण चित्रकार देशोधडीस लागले. परंतु ती जन्मली सुबत्तेतून, वडिलोपार्जित पूर्णत्वाच्या ओझ्यातून.

पार्मिजानीनोविषयी येथे विस्तार करीत नाही. त्याची लांब मानेची मेरी पुस्तकापुस्तकांतून छापून इतकी परिचित झाली आहे की मॅनरिझम म्हणजे लांब मान असेच पुष्कळांस वाटते. तो १५४० मध्ये, राफाएलच्याच वयाचा होऊन वारला, आणि ते चित्र अपुरेच राहिले.

इकडे फ्लॉरेन्समध्ये १५३७ साली सतरा वर्षांचा कोसिमो गादीवर आला. कारभाऱ्यांना वाटले, पोर आहे, आपल्या तंत्राने चालेल. पण त्याने थोड्याच काळात साऱ्या कारभाऱ्यांना आपल्या तंत्राने चालविले. दप्तरे, कर, फौज, किल्ले यांबरोबर त्याने चित्रकलाही सरकारजमा केली. ब्राँझिनो दरबारी चित्रकार झाला. त्याने रंगविलेली कोसिमोची पत्नी एलिओनोरा जरीच्या वस्त्रात अशी बसली आहे की वस्त्र जिवंत वाटावे आणि चेहरा संगमरवराचा. आणि वझारी! या मनुष्याच्या उरकाला तोड नव्हती. १५४६ साली रोममध्ये कार्डिनल फार्नेझे याच्या वाड्यातील मोठा दिवाणखाना त्याने शंभर दिवसांत रंगवून दिला, आणि ही गोष्ट अभिमानाने सांगितली असता मायकेलँजेलो म्हणाला म्हणतात, 'ते दिसतेच आहे.' पूर्वीचे उस्ताद सहा वर्षांत एक फळी पुरी करीत, आमचे लोक एका वर्षात सहा करतात, असे वझारीने आपल्या ग्रंथात हिशेबाने मांडले आहे. नुसत्या हातोटीचा जो आरोप पुढे साऱ्या पिढीवर आला त्याला पात्र असे कोणी असेल तर तो पोन्तोर्मो नव्हे; त्याच्यावर आरोप करणारा त्याचा चरित्रकारच होय.

ज्या साली वझारीने शंभर दिवसांचा तो पराक्रम केला, त्याच १५४६ मध्ये कोसिमोने सान लोरेन्झो या मेदिचींच्या कुलदेवालयातील गाभाऱ्याच्या भिंती रंगविण्याचे काम पोन्तोर्मोकडे सोपविले. जवळच मायकेलँजेलोने घडविलेली मेदिचींची स्मारके होती. त्यांच्या शेजारी उभे राहावयाचे होते. बावन्न वर्षांच्या चिताऱ्याने पुन्हा फळ्या ठोकल्या, पडदे लावले, आणि या वेळी तीन नव्हे, जवळजवळ अकरा वर्षे तो त्या फळ्यांआड राहिला.

त्या अकरा वर्षांतील शेवटच्या पर्वाची एक रोजनिशी उपलब्ध आहे. १५५४ च्या जानेवारीत सुरू होऊन ती १५५६ च्या ऑक्टोबरात थांबते. एखाद्या थोर कलावंताच्या अंतरंगाचे दर्शन घडेल या आशेने जो ती उघडील त्याची निराशा होईल, कारण तीत आहे ती भाकरी, अंडी आणि हवा. रात्री किती औंस भाकरी खाल्ली, अंड्यांची पोळी केली, कोशिंबीर होती, मांस खाल्ले ते बाधले की मानवले, थंडी कशी पडली, पोट कसे होते. आजार आणि मरण यांची या मनुष्याला इतकी धास्ती होती की मृत्यूचा उल्लेखही त्याला सहन होत नसे, आणि वाटेत प्रेतयात्रा आडवी येऊ नये म्हणून तो जपे. ब्राँझिनोकडे जेवावयास गेल्याच्या नोंदी वरचेवर येतात. तसेच ब्राँझिनो येऊन दार ठोठावून गेला, त्याला काय हवे होते कोण जाणे, अशा अर्थाचीही एक नोंद आहे. शिडी वर ओढलेली होती, हे सांगावयास नको.

परंतु भाकरीच्या या हिशेबात मधूनच एक ओळ येते: आज अमक्या आकृतीचा हात केला, आज डोके, आज मांडी. आणि समासात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, त्या आकृतीचे रेखाटन. कोणता हात ते शब्दांत सांगण्याचा खटाटोप न करता त्याने काढूनच दाखविले आहे. भित्तिलेपचित्राचे तंत्र ज्यास ठाऊक आहे त्याला ही ओळ क्षुल्लक वाटणार नाही. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावावयाचा आणि गिलावा वाळण्यापूर्वी काम आटपावयाचे, म्हणून दिवसभरात जेवढे रंगविता येईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपून घ्यावयाचा, ही त्या धंद्याची शिस्त. जो चितारी दिवसाला संपूर्ण माणूस रंगवून मोकळा होतो त्याचे काम शंभर दिवसांत संपते. ज्याला एका दिवशी फक्त एक हात होतो त्याला अकरा वर्षे लागतात. म्हातारा पहाटे उठतो, चुना लावतो, दंड रंगवतो, रात्री भाकरी तोलतो आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहितो.

काम पुरे झाले नाही. १५५६ चे वर्ष सरता सरता तो जलोदराने वारला आणि १५५७ च्या २ जानेवारीस त्याला सान्तिस्सिमा आनुन्त्सियाता येथे, त्याने तरुणपणी रंगविलेल्या मेरी-एलिझाबेथ भेटीच्या चित्राखाली, मूठमाती देण्यात आली. उरलेला भाग ब्राँझिनोने पुरा केला आणि १५५८ मध्ये फळ्या निघाल्या. वर, उंचावर, ख्रिस्त होता आणि त्याच्या पायांखाली आदाम-हव्वा निर्माण करणारा परमपिता. खाली जलप्रलय आणि मृतांचे उत्थान, नग्न देहांचा एकमेकांत गुंतलेला ढीग. वझारीने प्रांजळपणे लिहिले की मी स्वतः चितारी असूनही मला याचा अर्थ लागला नाही. ना क्रम, ना प्रमाण, ना रंगांची विविधता, ना यथादर्शन. अकरा वर्षे हा माणूस यात गुरफटला तसा पाहणाराही गुरफटेल आणि वेडा होईल अशी भीती वाटते. पित्याला पुत्राच्या पायांखाली ठेवण्यात काही पाखंडी धर्ममत दडलेले होते की काय, याचा शोध अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. शतकाच्या उत्तरार्धात ट्रेंटच्या धर्मसभेने देवळांतील चित्रांवर जी नजर ठेवली, ती पाहता तसा संशय येणे अगदीच अस्थानी नाही.

वझारीचा हा निवाडा १५६८ च्या आवृत्तीत छापून निघाला आणि कायम झाला. अपील चालावयाचे तर मुद्देमाल पुढे आणावा लागतो. तो येथे आणता येत नाही. १७४० च्या सुमारास, मेदिची घराणे निर्वंश होण्याच्या बेतात असताना, सान लोरेन्झोच्या गाभाऱ्याची डागडुजी निघाली आणि भिंतींवरील चित्रे त्यात नष्ट झाली. सान्ता फेलिचितातील उपमंदिराच्या घुमटात पोन्तोर्मोने रंगविलेला परमपिताही त्याच शतकातील दुरुस्तीत गेला. सान लोरेन्झोपैकी आता उरले आहे ते एवढे: उफ्फित्सीच्या संग्रहात प्रामुख्याने असलेली काळ्या खडूची तीसेक रेखाटने, ज्यांत देह दोरखंडासारखे एकमेकांत पिळलेले आहेत, स्पेनचा राजा दुसरा फिलिप वारल्यावर १५९८ मध्ये त्या देवळात झालेल्या मृत्युसंस्काराचे एक छापील चित्र, ज्याच्या पार्श्वभूमीला, मेणबत्त्या आणि काळ्या पडद्यांच्या मागे, त्या भिंती पुसट दिसतात, आणि फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील ती रोजनिशी, जिच्या एका पानाच्या काठावर, रात्रीच्या भाकरीच्या वजनाशेजारी, एक हात काढलेला आहे.